तोरणमाळची गाडी: आठ ते बारा वर्षांच्या मुलांना घेऊन सातपुडा चढायचा तर

तोरणमाळ म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण. आमच्या पहिल्या फेरीचा हिशेब मी किलोमीटरात केला होता. जळगावहून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, ताशी पन्नासचा वेग धरला तर साडेचार तास. सकाळी नऊला निघालो तरी दीड-दोनला वर, असं गणित. प्रत्यक्षात पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. आठ वर्षांच्या मुलाला घाटात दोनदा उलटी झाली होती आणि अकरा वर्षांची लेक कोणाशीच बोलत नव्हती. सीताखाई ही तिथली खोल दरी अंधारात कशी दिसते, एवढंच आम्ही त्या दिवशी पाहिलं.

दोष रस्त्याचा नव्हता. ही मुलं अधल्यामधल्या वयाची. मांडीवर झोपून जात नाहीत, आणि मोठ्यांसारखी कळही काढत नाहीत. 'अजून किती राहिलं?' असं ती दर दहा मिनिटांनी विचारतात, कारण गाडीत सगळी माहिती पुढच्या सीटवर असते आणि मागे नुसतं बसून राहायचं असतं. पुढच्या वर्षी आम्ही हिशेब तासांचा केला, तोही मुलांच्या तासांचा, आणि दोघांनाही कामाला लावलं. तीच पद्धत इथे सविस्तर सांगते. रस्ता जळगावकडून सांगितला आहे. धुळे, अमळनेर, नंदुरबारच्या मंडळींनी शहाद्यापर्यंतचा आपला रस्ता धरावा, पुढचं सगळ्यांना सारखंच.

कधी जायचं

दसऱ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत. जुलै-ऑगस्टमधले सातपुड्याचे फोटो बघून जीव खाली-वर होतो खरा, पण त्याच दिवसांत सातपायरी घाटात दरड येऊन रस्ता बंद झाल्याच्या बातम्याही येतात. शिवाय धुकं. मुलं गाडीत असताना तो जुगार नको. मे महिन्यात वर गार असतं, पण वर पोचेपर्यंत तापीखोऱ्यातलं ४४-४५ अंशांचं ऊन अंगावर घ्यावं लागतं. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथाची मोठी यात्रा असते. श्रद्धेने जाणार असाल तर जरूर जा, निवांत सहल हवी असेल तर तो आठवडा टाळा.

दिवाळीची सुट्टी सगळ्यांत चांगली. ओढ्यांना थोडं पाणी असतं, सीताफळं आलेली असतात. तेव्हाच लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ऊसतोड. ती सुरू झाली की शहाद्याच्या बाजूला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्याला लागतात, आणि मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असेलच असं नाही. म्हणून आमचा नियम: दिवस मावळायच्या आत गाडी उभी. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याला यात्रा आणि घोडेबाजार भरतो. मुलांना घोडे दाखवायचे असतील तर तो मुहूर्त साधा, पण त्याच दिवशी घाट चढायचा बेत करू नका.

मुक्काम दोन रात्रींचा हवा. एका रात्रीत मुलांचा अर्धा जीव गाडीतच जातो. वर राहायच्या जागा मोजक्या आहेत, त्यामुळे खोली पक्की झाल्याशिवाय मुलांना तारीख सांगू नका. फोनवर तीन गोष्टी विचारा: जेवण मिळतं का, आणि किती वाजेपर्यंत, आंघोळीला गरम पाणी आहे का, वीज गेली तर सोय काय.

आधी एक रंगीत तालीम

महिनाभर आधी एका रविवारी छोटा घाट करून बघा. चाळीसगावकडच्यांनी पाटणादेवी. चाळीसगावहून अठरा किलोमीटरच्या आसपास, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत चंडिकादेवीचं जुनं दगडी मंदिर. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला, तसा इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख पाटण्यात मिळाला. गणित नावडणाऱ्या मुलाला हे सांगून फार उपयोग होत नाही, आमचा अनुभव आहे. रावेर-यावलकडच्यांना सातपुड्यातलं पाल हे गाव जवळ.

तालमीत देवळापेक्षा मुलांकडे बघा. किती वेळाने लघवीला थांबावं लागतं, गाडी कोणाला लागते, खिडकीवरून भांडण कितव्या किलोमीटरला सुरू होतं, हे लिहून ठेवा. आमच्याकडे उत्तर आलं: दीड तास, मुलाला, बाविसाव्या. तोरणमाळचे थांबे या आकड्यांवरून ठरवले.

गाडी

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी करा. काही उलटसुलट बसवलं असेल तर ते गावातच कळतं. मेकॅनिकला 'घाटात जायचंय' असं स्पष्ट सांगा आणि ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट, टायर एवढं डोळ्यांसमोर बघून घ्या. टायरची हवा गाडी थंड असताना, कंपनीने दाराच्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच. स्टेपनीची हवा तपासायची आठवण कोणालाच राहत नाही. ते काम मुलाकडे द्या, तो पंपावरच्या माणसाला सोडणार नाही.

मागच्या सीटचे बेल्ट बहुतेक गाड्यांत गादीखाली दडपलेले असतात. ते आदल्या आठवड्यात उपसून, पुसून, खटका लागतो का ते बघा. आमच्या एका खटक्यात जुनं चिंगम निघालं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा लहान मुलांची सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १००० रुपये दंड आहे, पण दंडासाठी म्हणून सांगत नाही. घाटात अचानक ब्रेक लागला की मधल्या सीटवरचं मूल थेट गिअरवर येतं. मुलाची उंची साधारण १४५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर बेल्ट छातीवर न बसता गळ्यावर येतो. त्याला खाली बूस्टर सीट हवी, लोड-उशी चालणार नाही. आणि बारा वर्षांखालचं मूल पुढे बसवू नका, कितीही हट्ट केला तरी. समोरची एअरबॅग मोठ्या माणसाच्या मापाची असते.

कंडक्टर आणि क्लीनर

ही सगळ्या बेतातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट, म्हणून जरा लांबवते.

लेक झाली कंडक्टर. तिच्याकडे एक वही, पाचशे रुपये सुट्टे आणि स्टीलचा ग्लास-चमचा. एसटीचा नियम तसाच ठेवला: एक बेल थांबा, दोन बेल चला. सगळ्यांचे बेल्ट लागल्याची खात्री केल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही, आणि डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. एरवी 'बेल्ट लाव' म्हणून मी दहा वेळा ओरडते. त्या तीन दिवसांत एकदाही ओरडले नाही. उलट चोपड्याला मीच बेल्ट विसरले तर गाडी दोन मिनिटं उभी राहिली.

थांबे तिच्या वहीत आधीच लिहिलेले. वहीत प्रत्येक थांब्याची वेळ, चहा-नाश्त्याचा खर्च आणि गाडीचे किलोमीटर. पेट्रोलचा अंदाज तिच्याकडूनच करून घेतला: जाऊन-येऊन, इकडे-तिकडे फिरून साडेचारशे किलोमीटर, गाडी लिटरला पंधरा देते, म्हणजे तीस लिटर. घाटात ॲव्हरेज पडतं, म्हणून चार लिटर वरचे धर, एवढंच मी सांगितलं.

दुसरा खेळ नद्यांचा. विदगावला तापी, चोपड्यापुढे अनेर, शिरपूरला अरुणावती, शहाद्याला गोमाई. वहीत नदीचं नाव आणि समोर 'पाणी' असा रकाना: नाही, थोडं, भरपूर. तापी सोडली तर बाकीच्या तिन्ही सातपुड्यातून उतरून तापीलाच मिळतात, म्हणजे आपण ज्या डोंगरावर चाललोय तिथलंच हे पाणी. हे भूगोलाच्या पुस्तकातून कळत नाही असं नाही, पण पुलावर गाडी हळू करून खाली बघितलं की लक्षात राहतं.

मुलगा झाला क्लीनर. प्रत्येक थांब्याला पुढची काच पुसायची, चारही चाकांकडे एक नजर टाकायची, कचऱ्याची पिशवी बांधायची. ट्रकच्या क्लीनरसारखं मागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करायची त्याला फार हौस होती. ते काम मात्र देऊ नका, रिव्हर्स घेताना मूल गाडीच्या मागे असता कामा नये. त्याला किलोमीटरचे दगड मोजायला बसवलं. वर पिवळा रंग असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्याचा, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा. रंग बदलला की ओरडायचं. 'किती राहिलं?' हा प्रश्न आपोआप बंद झाला, कारण ते आता तोच आम्हाला सांगत होता.

डबा

घाटात उलटी होते ती बऱ्याचदा सकाळी खाल्लेल्या कचोरीची. रिकाम्या पोटीही मळमळतं. म्हणून थोडं, कोरडं आणि वरचेवर. सासूबाईंनी दुधात मळलेल्या दशम्या करून दिल्या होत्या. त्या दोन दिवस नरम राहतात, हातात धरून खाता येतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, मुलांसाठी गूळ-तूप, केळी, कुरमुरे. केळी आमच्याकडून नेणं म्हणजे गंमतच, रस्त्याने दोन्ही बाजूंना बागाच आहेत. तरी न्या. शेवभाजीचा तर्रीदार रस्सा परतीसाठी राखून ठेवा. चढताना नको.

निघण्याचा दिवस

पावणेसहाला घर सोडलं. मुलांना आंघोळीचा आग्रह केला नाही, कपडे रात्रीच बदलून झोपवलं होतं. विदगावच्या पुलावर उजाडलं. धानोऱ्याला आपण बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गाला लागतो. पुढे अडावदहून उजवीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव. गोमुखातून बारा महिने गरम पाणी पडतं. सकाळच्या गारठ्यात त्या पाण्याखाली हात धरणं हा मुलांसाठी मोठा कार्यक्रम ठरला. पाऊण तास दिला. टॉवेल वरच्या पिशवीत ठेवा, डिकीच्या तळाशी नको.

चोपडा, शिरपूर, शहादा हा टप्पा सपाट आणि कंटाळवाणा. गाणी, भेंड्या, झोप, काय हवं ते इथेच उरकून घ्या. केळीच्या बागा मागे पडून पपई आणि ऊस दिसायला लागला की शहादा आलं समजा.

शहाद्याला साडेअकराच्या आत पोचायचा प्रयत्न करा. इथे पाच कामं, आणि ती कंडक्टरच्या वहीत टीक झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. पेट्रोल पूर्ण. रोख पैसे, कारण वर नेटवर्क असेल तेव्हाच ऑनलाइन पैसे चालतात. मोबाइलमध्ये ऑफलाइन नकाशा. मुक्कामाच्या ठिकाणी फोन, 'निघालो' म्हणून. घरी फोन, 'आता रेंज जाईल, काळजी करू नका' म्हणून. हलकं जेवण, वरण-भात पुरे. जेवून लगेच घाटाला लागू नका, अर्धा-पाऊण तास झाडाखाली बसा. अडचणीत ११२ आणि ॲम्ब्युलन्ससाठी १०८ हे नंबर मुलांना पाठ हवेत.

घाट: गाडी का लागते

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळ साधारण पंचावन्न किलोमीटर. मी दोन तास धरते.

आतल्या कानाला कळतं की आपण वळतोय, चढतोय, आणि डोळ्यांना दिसतं पुढच्या सीटचं कव्हर. या दोघांच्या साक्षी जुळल्या नाहीत की मळमळतं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. डोळ्यांना बाहेरचं दाखवलं की निम्मा त्रास कमी. ज्याला गाडी लागते त्याला मागच्या सीटवर अशा जागी बसवा की समोरचा रस्ता दिसेल, नजर लांबच्या डोंगरावर. खिडकी चार बोटं उघडी. वही, चित्रं, मोबाइल बंद. हा नियम सगळ्यांना, मागे बसलेल्या नवऱ्यालाही. गोळी द्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच, आणि ती निघण्याआधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नाही. आल्याची वडी चघळायला द्यायला हरकत नाही.

बडबड्या मुलगा गप्प झाला, जांभया द्यायला लागला, ओठ पांढरे पडले, की समजा पाच मिनिटं उरली. 'काय होतंय?' विचारत बसू नका. एक बेल. पण थांबायचं ते वळणावर नाही, पुढेमागे दोन्हीकडून गाडी दिसेल अशा रुंद जागेवर, आणि मुलाला दरीच्या नाही तर डोंगराच्या बाजूने उतरवायचं. बंद चेनच्या पिशव्या, ओला रुमाल, पाण्याची बाटली आणि एक जादा टी-शर्ट हाताशी.

शहाद्यात वेफर्सचं एक पाकीट घेऊन ठेवा आणि फोडू नका. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणजे खालून हजार मीटर चढ. बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि पाकीट उशीसारखं फुगतं. ते मुलाच्या मांडीवर होतं. दर दोन-चार वळणांनी तो बोटाने दाबून बघत होता. कानही याच कारणाने दडतात. जांभई, आवंढा किंवा चघळायची गोळी. तेवढ्याने मोकळे होतात. एवढ्या उंचीवर विरळ हवेचा त्रास होत नाही, ती भीती नको.

चालवणाऱ्यासाठी थोडक्यात. वळणाआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक मारू नका. मागे बसलेल्यांच्या पोटाला त्या झटक्याचा त्रास होतो. आंधळ्या वळणाला हॉर्न. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे, समोरचा पाळेलच असं धरू नका. एसटी समोर आली तर वाद न घालता कडेला व्हा. इंजिनाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद. सातपायरीला चढ आणि वळणं एकदम अंगावर येतात. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चला. मागचा हॉर्न वाजवत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या.

वर गेल्यावर

दुसरा दिवस गाडीची किल्ली कपाटात. यशवंत तलावाच्या काठाने चालणं, गोरखनाथाचं मंदिर, मच्छिंद्रनाथाची गुहा, सीताखाई, खडकी पॉइंट. सगळं एका दिवसात झालंच पाहिजे असं नाही. आम्ही खडकी सोडलं आणि तलावाच्या काठी दोन तास नुसते दगड फेकत बसलो. तलावात मुलांना उतरवू नका, तळ दिसत नाही. सीताखाईच्या कडेला मुलाचा हात नाही, मनगट धरा. हात सुटतो.

हवा हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी गार होते. दुपारी ते कळत नाही, रात्री आठनंतर कळतं. कानटोप्या घ्या, मुलं नको म्हणतील तरी.

इथली वस्ती पावरा आणि भिल्ल समाजाची. घराचा, बाईमाणसांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, हे मुलांना आधी सांगा. आपल्या अंगणात येऊन कोणी फोटो काढले तर कसं वाटेल, असं विचारलं की त्यांना पटतं. तिथल्या मुलांना गाडीतून चॉकलेटं वाटू नका. त्यापेक्षा टोपलीतली सीताफळं विकत घ्या आणि घासाघीस करू नका. लेकीने वहीत लिहिलं: सीताफळं, एक टोपली. आणि पुढे: बिया मोजल्या, एका फळात ५३.

उतार

उतार चढापेक्षा अवघड, आणि नेमकं तेव्हाच आपण सैल असतो. पहिल्या वर्षी नवरा पाय ब्रेकवर ठेवूनच उतरत होता. मागून मुलगा म्हणाला, 'कोणीतरी चप्पल जाळतंय.' चप्पल नव्हती, आमचे ब्रेक होते. तापलेला ब्रेक धरेनासा होतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, गाडी इंजिनाला रोखू द्या, ब्रेक अधूनमधून दाबून सोडा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं हा मूर्खपणा आहे, दुसरा शब्द नाही. वास आलाच तर रुंद जागा बघून अर्धा तास थांबा. चाकावर पाणी ओतू नका.

सकाळी नाश्ता करून निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत खाली. परतीला रस्ता बदला: शहाद्याहून प्रकाशा. तिथे गोमाई तापीला मिळते, कंडक्टरच्या नद्यांचा हिशेब तिथे पुरा होतो. मग सारंगखेडा, दोंडाईचा करत अमळनेरमार्गे जळगाव. शेवभाजी वाटेत कुठेही.

वहीचं शेवटचं पान मी जपून ठेवलंय. किलोमीटर ४६८. पेट्रोल ३३ लिटर. डबल बेल २९ वेळा. उलट्या १, आणि कंसात: पप्पा, मोबाइल बघत होते.